शॅमरॉक म्हणून हातोहात फिरणारी ऑक्झॅलिस

तीन त्रिकोणी, गर्द जांभळ्या पानांचं एक झाड हल्ली पुष्कळ घरांच्या खिडकीत दिसतं. कुणीतरी कुणाला दिलेलं असतं आणि देताना ‘शॅमरॉक’, म्हणजे आयर्लंडचं प्रतीक असलेलं तीन पानांचं रोप, म्हणून सांगितलेलं असतं. त्याचं मूळ मात्र आयर्लंडचं नाही, दक्षिण अमेरिकेतलं आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द सँ-इलेर १८१६ ते १८२२ या काळात ब्राझीलमध्ये हिंडला. या झाडाला ऑक्झॅलिस ट्रायअँग्युलॅरिस हे शास्त्रीय नाव त्यानेच दिलं. आपल्या अंगणातली आंबुशी याच कुळातली.

मग हिला शॅमरॉक कसं म्हणू लागले? खुद्द आयर्लंडमध्येच खरा शॅमरॉक कोणता यावरून जुना वाद आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फाइन्स मॉरिसन या इंग्रज प्रवाशाने लिहिलं, की आयरिश लोक शॅमरॉक आवडीने खातात आणि तो चवीला आंबट असतो. पुढे १७२६मध्ये केलेब थ्रेलकेल्ड या वनस्पती-अभ्यासकाने १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या सणाला, लोक टोपीत खोवतात तो शॅमरॉक म्हणजे पांढरं क्लोव्हर (तीन पानांचं, चाऱ्याचं एक रोप), अशी नोंद केली. क्लोव्हर आंबट नसतं. नेमकं तेच धरून १८३०मध्ये जेम्स बिचेनोने मत मांडलं, की खरा शॅमरॉक म्हणजे रानातली, आंबट पानांची ऑक्झॅलिस असेटोसेला.

वाद सोडवायला नॅथॅनिएल कोलगन या आयरिश निसर्ग-अभ्यासकाने जे केलं ते मला फार पटतं. १८९०च्या दशकात त्याने आयर्लंडभरच्या लोकांकडून त्यांच्या मते खरी असलेली शॅमरॉकची रोपं मुळांसकट मागवली, लावली आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली. १८९३च्या खेपेत निम्मी रोपं पिवळ्या फुलांच्या बारीक क्लोव्हरची निघाली, सुमारे एक तृतीयांश पांढऱ्या क्लोव्हरची. ऑक्झॅलिस एकही नव्हती. १९८८मध्ये अशीच पाहणी पुन्हा झाली तेव्हाही पहिले दोन क्रमांक तेच राहिले.

घरच्या झाडालाही हीच कसोटी लावावी. ऑक्झॅलिसच्या फुलाला पाच सारख्या पाकळ्या असतात. क्लोव्हरचा वाटाण्याच्या कुळातल्या बारीक फुलांचा गेंद असतो. फूल नसेल तर संध्याकाळी पाहा: ऑक्झॅलिसची तिन्ही पानं मधल्या शिरेवर दुमडून खाली लोंबतात.

‘कटिंग दिलं पण जगलं नाही’ अशी तक्रार बहुतेकांची असते. कारण साधं आहे. जांभळ्या ऑक्झॅलिसला जमिनीवर खोडच नसतं; आपण खुडून देतो तो पानाचा देठ, आणि तो मातीत बहुधा कुजतो. कुंडी उपसली, की बेबी कॉर्नसारखे दिसणारे खवल्याखवल्यांचे कंद हाती लागतात. द्यायचे ते हे. भुसभुशीत मातीत दोनतीन सेंटिमीटर खाली आडवे ठेवायचे, पाणी बेताचं. तुकडा मोडला तरी फुटवा येतो. मिळालेल्या फांदीला पेरं असतील, फांदीभर पानं आणि पिवळी फुलं असतील, तर ती बहुधा मध्य अमेरिकेतली ऑक्झॅलिस व्हल्कॅनिकोला किंवा तिची जवळची जात. तिची फांदी मात्र सहज मुळं धरते.

अधूनमधून जांभळीची सगळी पानं झडतात आणि झाड मेलं समजून लोक कुंडी रिकामी करतात. तसं करू नका. कंद विसावलेले असतात. काही आठवडे पाणी तोडा, कुंडी सावलीत ठेवा आणि नवा कोंब दिसला, की उजेडात आणून पुन्हा पाणी सुरू करा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कारण पानांत ऑक्झॅलेट असतं आणि ते त्यांना बाधतं.