दोन युनिटांचा डबा आणि एक एचपीची मोटर

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात मामांच्या गावी गेलो, तेव्हा ओसरीत एक नवी वस्तू दिसली. त्यांच्या मुलाने नागपूरहून आणलेले ‘पॉवर स्टेशन’, म्हणजे लाईन गेल्यावर घरातली उपकरणे चालवणारी मोठी बॅटरी. आकार लहान सुटकेसएवढा, वर मूठ, समोर तीन सॉकेट आणि आकडे दाखवणारी पट्टी. घरात सगळे त्याला डबाच म्हणतात, तर मीही डबाच म्हणतो. संध्याकाळी लाईन गेली. डब्यावर पंखे फिरले, टीव्ही लागला, फ्रिजही सुरू झाला. मग अंगणातल्या विहिरीवरची मोटर लावून पाहिली. मोटर एकदा गुरगुरली, डब्यातून ‘टुक’ आवाज आला आणि पट्टीवर ओव्हरलोडची खूण दिसू लागली. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच.

“एकाच एचपीची त् मोटर हाय बाबू,” मामा म्हणाले. “डब्यावर दोन हजार वॅट लिवलं हाय. मंग काऊन नाही उचलत?”

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी चालताना ती ११०० वॅटच्या आसपास घेते. डबा २००० वॅट देऊ शकतो. मामांच्या हिशेबात चूक काहीच नव्हती. पण तो हिशेब चालत्या मोटरचा होता, आणि आमची मोटर अजून थांबलेली होती.

डब्याच्या खोक्यावर ‘हाय व्होल्टेज’ असेही छापले होते, आणि त्यावर मुलाचा फार भरवसा होता. आधी त्या शब्दाबद्दल. अमेरिकेत घरातले साधे सॉकेट १२० व्होल्टचे असते. कपडे वाळवायचे यंत्र, विजेची शेगडी, विहिरीचा पंप अशा मोठ्या उपकरणांना दोन तारा वापरून २४० व्होल्ट दिले जातात. तिथे बरेच डबे फक्त १२० व्होल्ट देतात, म्हणून २४० व्होल्टच्या डब्याचे तिकडे कौतुक. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरपासून एसीपर्यंत सगळे २३० व्होल्टवरच चालते. तेव्हा डब्यातून २३० व्होल्ट निघतात यात आपल्यासाठी जास्तीचे काही नाही. विकत घेताना त्या शब्दासाठी एक रुपयाही जादा मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्होल्टेजला खरे महत्त्व आहे ते डब्याच्या आत. घरच्या साध्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्यातून २००० वॅट काढायचे तर दीडशेहून जास्त अँपिअरचा प्रवाह वाहतो, म्हणजे वेल्डिंगला लागते तसली जाड केबल हवी. मोठ्या डब्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात, एकेक ३.२ व्होल्टचा. असे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट होतात आणि तेवढ्याच वॅटला ३९ अँपिअर पुरतात. तारेतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून प्रवाह चौपट कमी झाला की तीच तार सोळा पट कमी तापते. गावच्या डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, ११,००० व्होल्टची लाईन येते आणि तिथून पुढे ४३३ व्होल्ट (तीन फेजमधले, एका फेजला २३०-२५०) होऊन घरोघरी जाते, त्यामागचे गणितही हेच.

आता मोटरकडे येऊ. चिखलात रुतलेली बंडी आठवा. एकदा चाक सुटले की बैल आरामात ओढतात, पण पहिला हिसका देताना त्यांची पाठ ताणली जाते. मोटरचे कारण मात्र वजनाचे नाही, चुंबकाचे आहे. मोटर फिरत असताना तिच्या वेटोळ्यांत उलट दिशेचा विजेचा दाब तयार होतो आणि तो आत येणाऱ्या प्रवाहाला थोपवून धरतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा उलटा दाब जवळजवळ नसतोच. बटन दाबल्यापासून मोटर वेग घेईपर्यंत, म्हणजे अर्धा-एक सेकंद, ती नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. आमच्या मोटरसाठी हे तीस अँपिअरच्या पुढे जाते. २३० व्होल्टने गुणले तर जवळपास ७००० वॅटची मागणी. डब्याच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिले होते की क्षणभरासाठी तो ४००० देऊ शकतो. मोटर त्याच्याही पलीकडची होती.

मग लाईनवर तीच मोटर कशी उचलते? लाईनच्या दुसऱ्या टोकाला चंद्रपूरसारखे २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. तिथल्या ५०० मेगावॅटच्या संचाचा प्रचंड वजनाचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. त्या फिरत्या लोखंडात इतकी ऊर्जा साठलेली असते की आमच्या मोटरचा हिसका तिथे जाणवतही नाही. डब्यात फिरणारे काहीच नाही. नखाएवढे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन बॅटरीच्या सरळ विजेला लाटेचा आकार देतात. प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर ते डोळ्याचे पाते लवायच्या आत जळतील, म्हणून आतले सर्किट त्याआधीच सगळे बंद करते. तो ‘टुक’ आवाज म्हणजे डबा बिघडला असे नव्हे. तो स्वतःला वाचवत होता.

आणि इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोटर उचलली असती, तर तिला लागणारी वीज अगदी किरकोळ होती. मामांची हजार लिटरची टाकी दहा मिनिटांत भरते. ११०० वॅटने दहा मिनिटे म्हणजे सुमारे १८० वॅट-तास, एका युनिटचा (हजार वॅट-तास) पाचवा हिस्सासुद्धा नाही. डब्यात दोन युनिट होते. साठा भरपूर होता, कमी पडला तो अर्ध्या सेकंदाचा जोर. वॅट म्हणजे एका वेळी किती जोर, युनिट म्हणजे एकूण साठा किती. या दोन आकड्यांची गल्लत झाली की चांगली वस्तूही फसवी वाटू लागते.

मामांना मी अर्ध्या एचपीची मोटर सुचवली. तिचा सुरुवातीचा हिसका निम्म्यावर येतो आणि टाकी थोडी उशिरा भरते, एवढेच. शेतातल्या तीन-पाच एचपीच्या थ्री फेज मोटरसाठी मात्र सिंगल फेजचा डबा उपयोगाचा नाही. त्या कामाला सौर कृषिपंप कितीतरी बरा. त्यातला कंट्रोलर मोटरला आधी कमी फ्रिक्वेन्सीची, म्हणजे सेकंदाला कमी लाटांची वीज देतो आणि ऊन चढेल तशी ती वाढवत नेतो, त्यामुळे हिसकाच बसत नाही. इन्व्हर्टर एसी आणि इन्व्हर्टर फ्रिज असेच हळूहळू वेग घेतात. जुन्या पद्धतीचा फ्रिज चालताना दीडशे वॅट घेत असला, तरी सुरू होताना हजाराच्या घरात जाऊ शकतो.

दोन युनिटांच्या डब्यातून हाती येतात पावणेदोनच. बाकीची वीज रूपांतरात उष्णता होऊन जाते. शिवाय सॉकेटचे बटन चालू ठेवले तर काही न लावताही वीस-तीस वॅट जात राहतात. पावणेदोन युनिटांवर २००० वॅटचा गिझर पाऊण तासाच्या थोडे पुढे चालेल. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर चालला तर सव्वा तासात डबा रिकामा. आणि दोनशे वॅटचा कूलर? साडेआठ तास. रात्री नऊला लावा, पहाटे साडेपाचपर्यंत निजा.

कूलर गरिबाचा एसी म्हणून ओळखला जातो, पण विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्र पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना आजूबाजूच्या हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते, म्हणजे युनिटाचे दोन तृतीयांश. मोठा लोखंडी कूलर कोरड्या हवेत ताशी दहा लिटर पाणी सहज पितो. म्हणजे दोनशे वॅट खर्चून तो हवेतून तासाला साडेसहा युनिट उष्णता काढतो. दीड टनाचा एसी तासाला पाच-सव्वापाच युनिट उष्णता काढतो, पण त्यासाठी दीड युनिट वीज घेतो. अर्थात कूलरने गार केलेली बरीच हवा खिडकीतून निघून जाते, त्यामुळे खोलीच्या वाट्याला त्यातला काही भागच येतो. तरीही दुपारी बाहेर ४४ अंश आणि हवेत ओलावा पंधरा टक्के असेल, तर ओल्या वाळ्यातून येणारा वारा तिशीच्या आसपास उतरतो. जुलैत पाऊस लागला की हाच कूलर निकामी होतो, कारण हवा आधीच ओली असते आणि पाण्याची वाफ होत नाही.

कूलर मागतो ते पाणी. ताशी दहाच्या हिशेबाने एका रात्रीला ऐंशी-नव्वद लिटर, म्हणजे पाण्याची पाच-सहा मोठी भांडी, आमच्याकडचे गुंड. मोटर चालली नाही तर ते मामीला विहिरीवरून ओढून आणावे लागतात, आणि थंडावा मोजताना हे ओझे कोणी मोजत नाही. म्हणूनच ती लहान मोटर मला डब्याइतकीच महत्त्वाची वाटते. लाईन असेल तेव्हा टाकी काठोकाठ भरून ठेवावी. उंचावर साठवलेले पाणी हीसुद्धा साठवलेली ऊर्जाच आहे, आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

डब्याची बॅटरी तशी टिकत नाही, आणि आपला उन्हाळा तिचा मोठा शत्रू आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा उपयोग १९९७ साली टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या चमूने जगापुढे मांडला. २०१९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, तेव्हा त्यांचे वय ९७ होते. या पदार्थात फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे तापली तरी ही बॅटरी इतर लिथियम बॅटऱ्यांसारखी सहजी पेट घेत नाही, आणि हजारो वेळा चार्ज करता येते. पण बहुतेक डब्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंशांची असते. टिनाच्या खोलीत मे महिन्यातली दुपार त्याच्या पुढे जाते. डबा तिथे ठेवला तर तो चार्जिंग थांबवतो, आणि रोज तापत राहिला तर वेळेआधी म्हातारा होतो. मामा डबा उन्हात सोलर पॅनेलशेजारी ठेवून चार्ज करत होते. पॅनेल बाहेर ठेवा, तार लांब घ्या आणि डबा आतल्या कवेलूच्या खोलीत, कूलरचे तुषार उडणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवा, असे मी सांगितले.

एका गोष्टीने मात्र मी घाबरलो. मुलाने दोन्ही टोकांना पिन असलेली तार करून ठेवली होती. एक टोक डब्यात, दुसरे भिंतीच्या सॉकेटमध्ये, की घरभर दिवे. असे करताना मीटरजवळचा मेन स्विच बंद करायचा राहिला, तर डब्याची वीज घरातून बाहेर लाईनवर जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. एका बाजूला २३० व्होल्ट गेले की दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट तयार होऊ शकतात. शेजाऱ्यांचा भार पडून डबा बहुधा बंद पडेल, पण खांबाजवळ तार तुटलेली असेल तर भार पडतच नाही आणि डबा ती तार शांतपणे जिवंत ठेवतो. लाईन गेली म्हणून खांबावर चढलेला लाईनमन त्याच तारेला हात लावणार असतो. शिवाय त्या तारेची एक पिन ओढून काढली की तिचे उघडे पितळ २३० व्होल्टवर असते, आणि घरात तीन वर्षांची नात आहे.

ती तार मी तिथेच कापली. दुसऱ्या दिवशी आर्वीहून वायरमन आला आणि त्याने मीटरशेजारी चेंजओव्हर स्विच बसवला. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, लाईन आणि डबा कधीच एकमेकांना जोडले जात नाहीत. मामीने नेलपॉलिशने वर ‘लाईन’ आणि खाली ‘डबा’ लिहिले. त्या रात्री साडेदहाला लाईन गेली, तेव्हा अंधारात उठून दांडा तिनेच खाली ओढला. कूलर पुन्हा फिरू लागला.