गोळीच्या टोकावरचे भोक

दोन गोळ्या शेजारीशेजारी उभ्या करा. दोन्हींचा व्यास ७.८ मिलिमीटर. दोन्ही लांबट, तांब्याच्या रंगाच्या, बुडाकडे किंचित निमुळत्या, आणि दोन्हींच्या टोकाला बारीकसे भोक. पहिली हजार यार्डांवरच्या कागदी लक्ष्यासाठी बनवली आहे, दुसरी मोठ्या हरणासारख्या जनावरासाठी. पहिलीचे भोक घडणीत राहून गेलेले आहे, दुसरीचे मुद्दाम ठेवलेले, लागताच टोक उमलून रुंद व्हावे म्हणून. डोळ्यांना हा फरक दिसत नाही आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. बोलताना आपण अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतो. काडतुसात पितळी पुंगळी असते, तिच्या बुडात दारू पेटवणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली खरी गोळी. नळीबाहेर लक्ष्याकडे जाते ती एवढीच. तिचे वजन अजूनही ‘ग्रेन’मध्ये मोजतात. हे माप मुळात जवाच्या दाण्याचे, एका पौंडात ७००० ग्रेन. १७५ ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम ११.३ ग्रॅम.

हा अकरा ग्रॅमचा तुकडा सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने निघतो आणि पहिल्याच क्षणापासून हवा त्याला मागे ओढू लागते. हवेचा हा विरोध किती मोठा असतो, हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली दाखवून दिले. त्याने टांगलेल्या लंबकावर गोळ्या झाडल्या आणि लंबक किती मागे गेला त्यावरून वेग काढला. त्याआधी हवेचा विरोध किरकोळ मानला जाई. आजच्या सुबक गोळीवरसुद्धा नळीतून निघताना हा विरोध तिच्या वजनाच्या चाळीसेक पट असतो! गोळी ध्वनीपेक्षा वेगात असल्याने तिच्या टोकापुढची हवा बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाऊन आघात-तरंग तयार होतो. एर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर यांनी १८८६च्या सुमारास या तरंगाचे छायाचित्रच घेतले. वेगाच्या एककाला ‘माख’ म्हणतात तो हाच माख.

म्हणून लांब पल्ल्याच्या नेमबाजाचा पहिला प्रश्न असतो, ही गोळी आपला वेग किती राखते? याचे उत्तर ‘बॅलिस्टिक कोइफिशंट’, म्हणजे बीसी, या आकड्यात असते. व्यासाच्या मानाने गोळी जड हवी आणि तिचा आकार हवेला कमी अडणारा हवा, की बीसी वाढतो. मात्र खोक्यावरचा आकडा वाचताना सावध राहावे. बीसी नेहमी एखाद्या प्रमाण गोळीच्या तुलनेत काढतात. जी-१ ही प्रमाण गोळी एकोणिसाव्या शतकातली, आखूड टोकाची आणि सपाट बुडाची. जी-७ लांब टोकाची, निमुळत्या बुडाची, म्हणजे आजच्या गोळ्यांच्या जातीची. त्याच गोळीचा जी-७ आकडा जी-१च्या जवळपास निम्मा येतो. खोक्यावर बहुधा कोणता छापतात, हे सांगायला नको.

बीसीचा खरा फायदा वाऱ्यात कळतो. हजार यार्डांपर्यंत, म्हणजे ९१४ मीटर जाताना १७५ ग्रेनची ही गोळी नळीच्या रेषेपासून दहाएक मीटर खाली येते. ऐकायला भयंकर वाटते, पण गुरुत्वाकर्षण रोज तेवढेच असते. गणित करा, दुर्बिणीची चकती फिरवा, झाले. वारा मात्र क्षणोक्षणी बदलतो. आडवा वारा गोळीला किती ढकलेल हे ती किती वेळ हवेत आहे यावर ठरते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते ठरते तिला झालेल्या उशिरावर. हवाच नसती तर हे अंतर तिने सुमारे १.१५ सेकंदांत कापले असते. हवेमुळे आणखी अर्धा सेकंद लागतो. या अर्ध्या सेकंदाला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा. ताशी १६ किलोमीटरच्या साध्या वाऱ्यात गोळी दोन मीटरपेक्षा जास्त भरकटते. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेत याच अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ असते १० इंचांचे.

या उशिराच्या हिशेबातून एक गंमत निघते. पॉइंट टूटू (०.२२ इंची) रायफलची जास्त वेगाची गोळी शंभर यार्डांवर त्याच रायफलच्या कमी वेगाच्या गोळीपेक्षा वाऱ्यात जास्त सरकते. ती सुटते ध्वनीपेक्षा वेगात, तिथे हवेचा विरोध एकदम वाढलेला असतो, आणि तिचा उशीर हळू गोळीपेक्षा जास्त होतो. म्हणून टूटूची स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात.

आता पीळ. नळीच्या आतल्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. दर १० इंचांना एक फेरा असा पीळ असेल तर ८०० मीटर वेगाची गोळी सेकंदाला सुमारे ३१५० फेरे घेते, मिनिटाला जवळजवळ एक लाख नव्वद हजार. जड गोळीला घट्ट पीळ लागतो, असे सर्रास सांगतात. लागतो तो खरे तर लांब गोळीला. जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली मांडलेल्या सूत्रात व्यास आणि लांबी होती, वजन नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तांब्याशी गाठ पडेल तेव्हा लागेल.

आता त्या भोकाकडे वळू. लक्ष्यवेधाच्या गोळीचे आवरण तांब्याच्या मिश्रधातूच्या चकतीपासून पेल्यासारखे ओढून काढतात. पेल्याचा तळ म्हणजे गोळीचे बूड. आत शिसे बसवतात, वरचे तोंड आवळून टोक करतात, आणि आवळता आवळता जे उरते ते भोक. सैनिकी गोळीत हा पेला उलटा असतो, टोक बंद आणि शिसे मागून. स्पर्धेसाठी बूड बंद आणि नितळ हवे, कारण नळीचे तोंड गोळी शेवटी बुडानेच सोडते. त्या क्षणी बूड तिरके असेल तर मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. या गोळीकडून एकच अपेक्षा असते: प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच असावी. कागदावर पोहोचल्यावर तिचे काय होते, याचा विचार तिच्या घडणीत केलेलाच नसतो. जनावरावर झाडली तर ती कधी सुईसारखी आरपार जाते, कधी वरच्यावर चुरा होते. यातले काय होईल ते आधी सांगता येत नाही, आणि शिकारीत ते चालत नाही.

जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याने १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात वाळलेल्या चिखलाने माखलेल्या एका मूसवर गोळ्या झाडल्या. मूस हे जगातले सर्वात मोठे हरीण. गोळ्या लागल्या, पण कातडीपाशीच फुटून गेल्या, खोल गेल्याच नाहीत. घरी जाऊन त्याने गोळीच्या पोटात धातूचा आडवा पडदा घातला. पुढचा कप्पा उमलून रुंद होतो, मागचा जसाच्या तसा राहून आत घुसत जातो. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी १९४८ साली विक्रीला आली आणि अजून बनते. माझ्या मते शिकारी गोळीचे सगळे शास्त्र त्या पडद्यात आहे. उमलणे आणि घुसणे एकमेकांच्या मुळावर येतात. जास्त उमलली तर खोल जात नाही, खोल गेली तर उमलत नाही, आणि जनावर लवकर व कमी यातनेत मरायचे तर दोन्ही हवे.

उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला १८९९च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली. शिकारीत मात्र उलटे, कित्येक ठिकाणी मोठ्या जनावरांसाठी उमलणारी गोळीच कायद्याने लागते.

हत्ती-गव्यांच्या वर्गातल्या जनावरांसाठी हिशेब पुन्हा बदलतो. जाड कातडी, जाड हाड. तिथे न उमलणारी भरीव गोळी लागते. शरीराची घनता हवेच्या सुमारे आठशे पट. हवेत गोळीला सरळ ठेवणारी फिरकी तिथे पुरत नाही, आणि अणकुचीदार गोळी आत शिरताच कलंडते. म्हणून या गोळ्यांची टोके बोथट किंवा चक्क सपाट असतात. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या लहानशा रायफलने. आज ते वाचताना पोटात गोळा येतो, पण त्यामागचे कारण शिकण्यासारखे आहे: लांब, भरीव गोळी आणि हत्तीच्या कवटीचा बारीक अभ्यास.

शिशाचा प्रश्न वेगळाच. उमलताना शिशाचे कण मांसात विखुरतात आणि उरलेले मांस खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडे त्यामुळे मरत होती. तिथे जुलै २०१९पासून शिकारीत शिसे पूर्ण बंद आहे. पर्याय अखंड तांब्याचा. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते आणि ग्रीनहिल आडवा येतो: जुन्या नळीचा पीळ तिला पुरेलच असे नाही. अशा वेळी थोडी हलकी गोळी घ्यावी. तांबे वजन फारसे गमावत नाही, त्यामुळे हलकी गोळीही खोल जाते.

आणि वेग. बऱ्याचशा शिकारी गोळ्या साधारण सेकंदाला ५५० मीटर वेगाखाली नीट उमलत नाहीत. ८०० मीटरने निघालेल्या १८० ग्रेनच्या गोळीचा वेग साडेचारशे-पाचशे यार्डांच्या आसपास तिथवर उतरतो. नेमबाज हजार यार्डांवर दहा इंचांचे वर्तुळ भेदू शकत असेल, तरी त्या अंतरावर ही गोळी मिटलेल्या छत्रीसारखी आरपार जाईल. कागदाला त्याचा काही फरक पडत नाही.