सहाचे पाच झाले, तरी मेंटॉर शिकला?

मेंटॉरांचं, म्हणजे नवख्यांना मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी माणसांचं, प्रशिक्षण संपलं की शेवटी एक कागद हातात पडतो: 'मार्गदर्शनाविषयीच्या तुमच्या ज्ञानात भर पडली का?' बहुतेक जण 'पूर्ण सहमत'वर खूण करतात आणि निघतात. त्या खुणांची बेरीज होते आणि अहवालात छापून येतं, 'सहभागींच्या ज्ञानात लक्षणीय वाढ'. हे वाक्य वाचलं की मला राहवत नाही. त्या कागदाने ज्ञान मोजलेलंच नसतं, फक्त समाधान मोजलेलं असतं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, आणि त्यातून काही साधलं का. पहिल्या पायरीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. समाधान किती चकवू शकतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. तिथे १९३९ साली ५०६ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना सल्ला द्यायला, घरी जाऊन चौकशी करायला समुपदेशक मिळाले, निम्म्यांना मिळाले नाहीत. कोणाच्या वाट्याला काय, हे नाणेफेकीने ठरलं. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्यांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरं पाठवली, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी 'उपयोग झाला' असं कळवलं. गुन्ह्यांच्या आणि आजारपणाच्या नोंदींत मात्र ते दुसऱ्या गटापेक्षा सरस निघाले नाहीत. काही बाबतींत तर ते मागेच होते.

मग सरळ उपाय सुचतो: प्रशिक्षणाआधी आणि नंतर एकच प्रश्नावली भरून घ्यावी आणि वजाबाकी करावी. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडते ती गोष्ट इथेच घडते.

समजा, प्रश्न आहे 'मी मेंटीचं (मार्गदर्शन घेणाऱ्याचं) म्हणणं नीट ऐकून घेतो' आणि गुण १ ते ७. एक अनुभवी मेंटॉर पहिल्या दिवशी स्वतःला ६ देतो. तो खोटं बोलत नाही. ऐकणं म्हणजे मध्ये न बोलणं, एवढीच त्याची समज आहे आणि तो मध्ये बोलत नाही. प्रशिक्षणात दोघा-दोघांच्या जोड्या लावून बोलायला बसवतात. जोडीदाराचं वाक्य संपायच्या आत आपल्या डोक्यात उत्तर तयार असतं, हे त्याला पहिल्यांदाच जाणवतं. समोरच्याने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत परत सांगायची वेळ येते आणि तो अडखळतो. शेवटच्या दिवशी तो स्वतःला ५ देतो. वजाबाकी केली तर उत्तर येतं उणे एक, म्हणजे प्रशिक्षणाने माणूस बिघडला!

खरं तर दोन्ही वेळा मोजपट्टी वेगळी होती. नव्या समजुतीने त्याने पहिल्या दिवसाकडे पाहिलं, तर तो स्वतःला ३ देईल. तीनवरून पाच, म्हणजे अधिक दोन. याला 'रिस्पॉन्स शिफ्ट' म्हणतात. जॉर्ज हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. हटवादीपणा कमी करण्यासाठी घेतलेल्या प्रशिक्षणानंतर लोकांनी स्वतःला पूर्वीपेक्षा जास्त हटवादी ठरवलं होतं, कारण आपण किती हटवादी आहोत याचा त्यांना आधी पत्ताच नव्हता. उपाय म्हणून 'मागे वळून पूर्वचाचणी' आली: प्रशिक्षण संपल्यावर एकाच बैठकीत 'आज कुठे आहात' आणि 'आज विचार करता, तेव्हा कुठे होतात' असं दोन्ही विचारायचं.

हा उपाय मला फार सुंदर वाटतो, पण त्यालाही भोक आहे. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस यांनी १९८४ मध्ये अभ्यासकौशल्यांच्या एका कार्यक्रमाची तपासणी केली. कार्यक्रमानंतर सहभागींना आपली पूर्वीची कौशल्यं मुळात नोंदवली होती त्याहून वाईट आठवली. प्रतीक्षायादीतल्यांच्या, म्हणजे ज्यांना कार्यक्रम अजून मिळालाच नव्हता त्यांच्या, आठवणीत असा बदल झाला नाही. आणि ज्यांना आपण सुधारलो असं वाटत होतं, त्यांचे परीक्षेतले गुण काही वाढले नव्हते. वेळ दिला, कष्ट घेतले, म्हणजे सुधारणा झालीच असणार, असं मन धरून चालतं आणि जुनी पातळी खाली ढकलून ती सुधारणा 'दाखवतं'. तेव्हा तीनवरून पाच हा आकडा शिकण्याचा की स्मरणाचा, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

म्हणून माणसाला स्वतःविषयी विचारू नये, प्रसंग द्यावा. 'मेंटीने सलग दुसऱ्यांदा मसुदा उशिरा दिला. तो समोर बसलाय, खाली बघतोय. तुमची पहिली दोन वाक्यं लिहा.' पर्याय देऊ नयेत, कारण पर्यायांत शहाणं उत्तर लगेच ओळखू येतं. आधीच्या आणि नंतरच्या उत्तरपत्रिकांवरची तारीख झाकायची, त्यांची सरमिसळ करायची आणि दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे. दोघांचे गुण किती जुळतात, हेही मोजायचं. नुसत्या योगायोगानेही काही उत्तरांवर त्यांचं एकमत होणारच. तेवढं वजा करून उरलेलं एकमत सांगणारा 'कॅपा' नावाचा आकडा जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिला. तो शून्याजवळ असेल, तर ती परीक्षा टाकून दिलेली बरी. प्रसंगही दोन्ही वेळी वेगळे पण सारख्या अवघडपणाचे हवेत. नाहीतर पहिली चाचणीच शिकवून जाते.

उत्तरसूचीही तपासायलाच हवी. मेंटॉरांना 'मेंटी दृश्य पद्धतीने शिकणारा की श्राव्य, ते ओळखा आणि तसं शिकवा' असा धडा सर्रास दिला जातो. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा असं जुळवून शिकवण्याला आधार देईल असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. बोटांच्या ठशांवरून 'शिकण्याची शैली' सांगणं तर निव्वळ भविष्य सांगणं आहे. अशा धड्यावर प्रश्न काढला, तर चाचणीतले गुण वाढतील आणि वाढेल तो गैरसमज.

एवढं करूनही तुलनेचा गट लागतोच. मधल्या काळात प्रशिक्षण न मिळालेले मेंटॉरही अनुभवाने थोडे शिकतात, ती वाढ वजा करावी लागते. क्रिस्टीन फंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६ वैद्यकीय संशोधन केंद्रांत असा प्रयोग केला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मेंटॉर-मेंटींच्या २८३ जोड्या होत्या. त्यांतल्या १४४ मेंटॉरांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिकपणे निवडून प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. मुख्य माप होतं २६ कौशल्यांवर मेंटॉरांनी स्वतःला दिलेले गुण. ते प्रशिक्षित गटात जास्त वाढले. माप स्वतःचंच असल्याने वरची शंका इथेही लागू होते. पण संशोधकांनी मेंटींनाही विचारलं होतं, आणि प्रशिक्षित मेंटॉरांच्या मेंटींनी आपल्या मेंटॉरच्या वागण्यात दुसऱ्या गटातल्या मेंटींपेक्षा जास्त बदल नोंदवले. हे मेंटी स्वतः प्रशिक्षणाला बसलेले नव्हते, तेव्हा आपलीच सुधारणा 'दाखवण्याचा' प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.