उत्तर येतं, पण प्रश्न कळत नाही

‘पाणी तापलं की लवकर उडून जातं’ हे कुठलंही शाळकरी मूल सहज सांगेल. पाठ्यपुस्तकात मात्र तीच गोष्ट अशी येते: ‘तापमानातील वाढीमुळे बाष्पीभवनाचा वेग वाढतो.’ विज्ञान तेच आहे, पण मुलाच्या वाक्यात दोन क्रिया घडत होत्या आणि पुस्तकाच्या वाक्यात त्यांची नामं झाली. तापण्याची ‘तापमानातील वाढ’ झाली, उडून जाण्याचं ‘बाष्पीभवन’ आणि ‘लवकर’चा ‘वेग’.

हा पुस्तक लिहिणाऱ्यांचा पंडिती हट्ट नाही. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी विज्ञानलेखनाच्या इतिहासात हीच प्रवृत्ती टिपली. क्रियेचं नाम केलं की ती मोजता येते, तिची तुलना करता येते, तिच्यावर पुढचं वाक्य उभं करता येतं. ‘उडून जातं’ला व्याख्या देता येत नाही, ‘बाष्पीभवना’ला देता येते. अडचण इतकीच की ही भाषा घरी कोणी बोलत नाही. सुशिक्षित घरातसुद्धा चहा करताना कोणी बाष्पीभवनाच्या वेगाबद्दल बोलत नाही.

म्हणून फाडफाड बोलणारं मूल वाचताना अडखळलं की शिक्षक गोंधळतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलचालीची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन कौशल्यांत फरक केला. नव्या भाषेच्या देशात आलेली मुलं साधारण दोन वर्षांत तिथली बोलचालीची भाषा आत्मसात करतात. अभ्यासाच्या भाषेत वर्गमित्रांच्या बरोबरीला यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या नंतरच्या अभ्यासातून दिसलं. मधल्या काळात ‘हा तर छान बोलतो, म्हणजे अभ्यासच करत नसणार’ असा शिक्का बसतो.

आपल्याला वाटतं, मुलं ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘समभुज’ अशा शब्दांना अडतात. खरं तर हे शब्द बऱ्यापैकी सुरक्षित असतात, कारण ते फळ्यावर लिहिले जातात, त्यांची व्याख्या होते, परीक्षेत विचारले जातात. दगा देतात ते मधले शब्द: अनुक्रमे, परिणामी, तथापि, गृहीत धरा, घटक, सापेक्ष, तुलनेने. ते ना रोजच्या बोलण्यातले, ना कोणत्या एका विषयाचे. विज्ञानाच्या शिक्षकांना वाटतं भाषेच्या तासाला झाले असतील, भाषेच्या शिक्षकांना वाटतं हे आपल्या धड्यात नाहीत. ब्रिटनमध्ये कॅसल्स आणि जॉनस्टन या संशोधकांनी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नेमके असेच शब्द विचारून पाहिले, तेव्हा शिक्षकांनी गृहीत धरलेले कितीतरी शब्द मुलांना चुकीच्या अर्थाने माहीत असल्याचं आढळलं. इंग्रजीत एव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचं अभ्यासपर लेखन चाळून २००० मध्ये अशा शब्दांचे ५७० गट काढले (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक गट). त्या लेखनातला सुमारे १० टक्के मजकूर याच शब्दांचा होता. कथा-कादंबऱ्यांत त्यांचं प्रमाण दीड टक्काही नव्हतं. म्हणजे नुसतं ‘गोष्टी वाच, भाषा सुधारेल’ म्हणून भागत नाही.

मग शब्दांची यादी पाठ करून घ्यावी का? माझ्या मते तो सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग. शब्द वापरल्यावर आपला होतो, आणि वर्गात तो वापरायची संधी मुलांना फारशी मिळत नाही. शिक्षक विचारतात, मूल एका शब्दात उत्तर देतं, शिक्षक ‘बरोबर, बस’ म्हणतात. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. या उपायाला खर्च काही नाही, तरी तो कठीण आहे. वर्गातली तीन सेकंदांची शांतता किती लांबलचक वाटते, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक.

ऑस्ट्रेलियात पॉलिन गिबन्स यांनी अभ्यासलेल्या वर्गांतली पद्धत मला सर्वांत पटते. प्रत्येक गटाला चुंबकाचा वेगळा प्रयोग. चुंबक हातात असताना मुलं बोलतात, ‘हे बघ, याला चिकटतंय, त्याला नाही.’ वस्तू समोर आहे, ‘हे’ आणि ‘ते’वर काम भागतं. मग ज्यांनी तो प्रयोग पाहिलाच नाही अशा वर्गमित्रांना तो सांगायचा. आता ‘हे’ म्हणून चालत नाही. ‘खिळा चुंबकाला चिकटला, पेन्सिल चिकटली नाही’ असं म्हणावं लागतं. नेमक्या इथे शिक्षक ‘आकर्षित होणं’ हा शब्द पुढे करतात, कारण आता मुलाला त्याची गरज आहे. शेवटी वहीत वाक्य उतरतं: ‘चुंबक लोखंडी वस्तूंना आकर्षित करतो.’ बहुतेक वर्गांत आपण या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो आणि वर ते लिहूनही देतो!

‘माझ्या मते… कारण…’, ‘यावरून असे दिसते की…’ अशी अर्धवट वाक्यं देण्याचीही पद्धत आहे. सुरुवातीला ती चांगली. पण वुड, ब्रुनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अशा मदतीला परांचीची उपमा दिली, आणि परांची काम झाल्यावर उतरवायची असते. वर्षभर ठेवली तर त्याचं ‘रिकाम्या जागा भरा’ होतं.

या सगळ्यात घरच्या बोलीला कमी लेखायचं कारण नाही. प्रयोगावर विचार करताना, गटात भांडताना मुलांनी आपल्या बोलीतच बोलावं. पुस्तकी भाषा ही त्यात पडलेली भर आहे. शिवाय बोलीतलं उत्तर शिक्षकाच्याही उपयोगाचं असतं. उत्तरपत्रिकेत ‘कारणे द्या’ कोरं सोडलेल्या मुलाला जवळ बोलावून तोच प्रश्न साध्या बोलण्यात विचारून पाहावा. त्याने कारण धडाधड सांगितलं, तर विज्ञानाचा धडा पुन्हा शिकवण्यात वेळ घालवू नये. त्याने आत्ता बोललेलं वाक्य त्याच्यासमोर कागदावर उतरवावं आणि ते पुस्तकातल्या वाक्यापर्यंत कसं नेता येईल, ते दोघांनी मिळून शोधावं.