लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी?

घरी जुन्या जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांना हा मेसेज कधी ना कधी येतोच: टोकदार अंड्यातून नर, गोलसर अंड्यातून मादी. खरं वाटणं साहजिक आहे, कारण निम्म्या वेळा अंदाज बरोबरच येतो!

पण पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं, आणि तेही बलक अंडाशयातून सुटतो तेव्हाच. कवच त्याच्यावर नंतर चढतं, त्याला जवळपास 20 तास लागतात आणि अंड्याचा आकार त्या कोंबडीच्या अंडनलिकेवर अवलंबून असतो, म्हणून तर एकच कोंबडी बहुतेक वेळा सारख्याच आकाराची अंडी देते आणि तरी तिच्या पिल्लांत नर-माद्या दोन्ही निघतात.

तपासायचंय? टोकदार आणि गोलसर अंड्यांवर पेन्सिलने वेगवेगळी खूण करा, 18व्या दिवशी इनक्युबेटरमध्ये जाळी लावून दोन्ही गट वेगळे ठेवा, 21व्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघाली की पायात वेगवेगळ्या रंगाच्या रिंगा घाला आणि तुरा, पाठीवरची पिसं नीट दिसेपर्यंत दोन-तीन महिने थांबा. पाच-सहा अंड्यांवरून काहीच कळत नाही, चाळीस-पन्नास तरी हवीत.

आणि प्लीज, मांसासाठी नर हवेत म्हणून चांगली गोलसर अंडी बाजूला काढू नका. फक्त तडकलेली आणि अगदीच वेडीवाकडी तेवढी वगळा, ती नीट उबत नाहीत.