गजकर्ण की शिबं?

पाठीवर डाग दिसला की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, "नायटा झालाय, टॉवेल वेगळा ठेव." नायटा म्हणजेच गजकर्ण असेल तर सल्ला अगदी बरोबर. पण पुष्कळदा ते शिबं असतं, आणि त्या माणसाला उगीचच दूर ठेवलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं. डॉक्टरी नावांनीही घोळ वाढतो: गजकर्ण 'टिनिया कॉर्पोरिस', तर शिबं 'टिनिया व्हर्सिकलर'.

गजकर्ण बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन गटातल्या बुरशीमुळे होतं. मांजराकडून आलं असेल तर बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिसमुळे. या बुरशा केराटिन खातात, म्हणजे त्वचेचा वरचा थर, केस, नखं ज्याची बनतात ते प्रथिन. एका ठिपक्यापासून बुरशी चहूबाजूंना सरकते. ती जिथे नव्याने पोचते तिथे शरीर तिच्याशी झुंजतं, म्हणून कड लाल, उंच आणि खवलेदार, तर मधला भाग निवलेला. खाज जबर. अंगाला अंग लागून, कपड्यांतून, टॉवेलमधून ते पसरतं.

शिब्याची बुरशी, मॅलासेझिया, बाहेरून येत नाही. निरोगी त्वचेवरही ती असतेच. स्वतःची स्निग्धाम्लं तिला बनवता येत नाहीत, म्हणून ती त्वचेच्या तेलावर जगते. छाती-पाठीवर आणि वयात आल्यानंतरच शिबं जास्त का दिसतं, ते यावरून कळतं. उकाडा, घाम वाढला की ती माजते आणि त्वचेच्या रंगद्रव्यात ढवळाढवळ करते. डाग फिकट पडतात, कधी तपकिरीही. त्यावर हलकं नख ओढलं की बारीक कोंडा सुटतो. खाज नसतेच म्हटलं तरी चालेल. खवले सूक्ष्मदर्शकाखाली धरले की शंका उरत नाही: गजकर्णात लांब, फांद्या फुटलेले तंतू, शिब्यात आखूड तंतू आणि गोल पेशींचे घोस.

औषधांतही फरक आहे. टर्बिनाफिनच्या गोळ्या गजकर्णावर चालतात, शिब्यावर नाही. गजकर्णातही ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात, जिला 2020 मध्ये हे नाव मिळालं, अनेकदा या गोळ्यांना दाद देत नाही. स्टिरॉइडचं मलम तर मनानं लावूच नका. खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि कडं इतकं पुसट होतं की डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही.

शिब्याला कीटोकोनॅझोलचं मलम किंवा शाम्पू बहुधा पुरतो. बुरशी गेली तरी फिकट डाग काही महिने राहतात. नख ओढून कोंडा निघेनासा झाला असेल, तर औषध लागू पडलंय. रंग सावकाश भरून येईल.