नव्या गाडीवरून शोरूमशी वाद: ग्राहक आयोगात जाण्याआधी हे कागद बघा

दसऱ्याला गाडी घरी येते. आधी अंबाबाईच्या दारात, मग पेढे, चाकाखाली लिंबू, सगळं रीतीनं होतं. दिवाळी उलटली की मला फोन सुरू होतात. कुणाचा गिअर अडकतो, कुणाचे बुकिंगचे पैसे अडकलेत, कुणाला विम्याचे कागद बघताना कळतं की आपली 'नवी' गाडी मागच्या वर्षी बनलेली आहे. गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांना जिल्हा ग्राहक आयोगाच्या तक्रारी लिहायला मदत करतो. तक्रार खोटी होती म्हणून फेटाळलेली मी फारशी पाहिली नाही. कागद नाही, मुदत गेली, नको त्याला विरुद्ध पक्ष केलं, यापायी खरी माणसं रिकाम्या हातानं परतलेली मात्र बरीच पाहिली. म्हणून हे लिहितोय.

तक्रार कोण करू शकतं

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक. गाडी कर्जावर असली तरी ग्राहक तुम्हीच, बँक नाही. बिल वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलगा चालवतो, असं आपल्याकडं घरोघरी असतं. अशा वेळी तक्रार वडिलांच्याच नावानं करा आणि मुलाला अधिकारपत्र द्या. मालकाच्या संमतीनं गाडी वापरणाराही कायद्यात ग्राहक आहे, पण पहिल्याच तारखेला त्यावर वाद कशाला ओढवून घ्यायचा?

धंद्यासाठी घेतलेली गाडी कायद्यातून वगळली आहे. टुरिस्टची एकच गाडी घेऊन ती स्वतः चालवत पोट भरणारा माणूस मात्र वगळलेला नाही. पण तक्रारीत तसं स्पष्ट लिहावं लागतं. 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' हे शब्द राहिले की समोरचा वकील पहिला हल्ला तिथंच चढवतो.

गाडी पुण्याहून किंवा बेळगावहून घेतली असली तरी तुम्ही कोल्हापुरात राहत असाल तर तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात चालते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, त्यामुळं अजूनही लोक उगाच पुण्याच्या खेपा घालतात. आणि कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालंय, तिकडंच जाऊ का, असं हल्ली बरेच जण विचारतात. नाही. सुरुवात जिल्हा आयोगापासूनच.

रकमेबद्दल मोठा गोंधळ आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि ती तुम्ही गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच पद्धत योग्य ठरवली. फीसुद्धा किमतीवरच: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. फी जास्त लागेल या भीतीनं भरपाई कमी मागणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

जॉबकार्ड

जॉबकार्ड म्हणजे गाडी वर्कशॉपला घातली की तिची तक्रार आणि केलेलं काम लिहितात तो कागद. सगळ्यात जास्त तक्रारी इथंच मरतात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

कागलजवळचे एक शिक्षक आले होते. हातात औषधाच्या दुकानातली पातळ पिशवी, तिच्यात गाडीचे सगळे कागद. गाडी घेऊन चौदा महिने झालेले, गिअरचा त्रास पहिल्या महिन्यापासून, वर्कशॉपला नऊ खेपा. पिशवीतून जॉबकार्डं निघाली तीन. पहिल्यावर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहिलेलं, 'जनरल चेकअप'. दुसऱ्यावर 'वॉशिंग, जनरल चेकअप'. तिसऱ्यावर 'गिअर हार्ड, चेक केले, ओके'. आणि तिन्ही कार्डांखाली, 'काम समाधानकारक झाले' या छापील ओळीशेजारी, सरांची वळणदार सही. उरलेल्या सहा खेपांचा कागदच नाही.

"अहो, तो पोरगा ओळखीचा झाला होता," सर म्हणाले. "म्हणायचा, सर, कार्ड कशाला उघडायचं, असंच बघून देतो की."

पोरगा वाईट नसेलही. पण कागद काय सांगतो ते बघा. गाडी चौदा महिन्यांत एकदाच गिअर जड लागतो म्हणून आली आणि ठीक होऊन गेली. मालकानं समाधान झाल्याची सही केली. नऊ वेळा सुट्टी टाकून वर्कशॉपच्या बाकड्यावर बसलेला माणूस त्या कागदात कुठंच नाही.

म्हणून गाडी आत घालताना कार्ड उघडायलाच लावा, काम पाच मिनिटांचं असलं तरी. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'आवाज येतो' एवढ्यानं काही होत नाही. 'गाडी गरम झाल्यावर, चढावर, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना गिअर अडकतो' असं लिहा. किलोमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. गाडी परत घेताना दोष तसाच असेल तर सहीच्या वर हातानं लिहा: 'दोष कायम आहे. तक्रार राखून गाडी ताब्यात घेत आहे.' खाली तारीख आणि वेळ. लिहू देत नसतील तर भांडत बसू नका, गेटबाहेर उभं राहून तिथूनच तोच मजकूर डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा.

ज्यांची वेळ निघून गेली आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. चॅसिस नंबर देऊन गाडीचा पूर्ण सर्व्हिस इतिहास डीलरकडं आणि कंपनीकडं लेखी मागा. दिला नाही तर तक्रारीसोबत आयोगाकडं अर्ज करा की विरुद्ध पक्षाला ती नोंद हजर करायला सांगावं. कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेत. सरांच्या बाबतीत आम्ही हेच केलं. आलेल्या नोंदीत गाडीच्या आणखी चार खेपा निघाल्या, त्यातल्या दोन स्पष्टपणे गिअरच्या.

आणि काहीही झालं तरी गाडी बाहेरच्या मिस्त्रीकडं खोलू नका. वॉरंटी जातेच, वर दोषाचा पुरावाही त्याच्या गॅरेजमध्ये राहतो. उत्पादनातला दोष आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आपली असते. तपासणीशिवाय दोष कळण्यासारखा नसेल तर आयोग गाडी तपासायला पाठवू शकतो. तसा अर्ज तुम्ही करायचा, खर्चही आधी तुम्ही भरायचा. हा अर्ज न करताच 'गाडी बघितली की कळेल' म्हणत बसलेल्यांच्या तक्रारी पुराव्याअभावी जातात.

दोन वर्षं म्हणजे कधीपासून

मुदत दोन वर्षांची आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. वॉरंटी संपल्यापासून नाही, शेवटच्या ईमेलपासूनही नाही. समजा, गाडी ऑक्टोबरमध्ये घेतली आणि दोष पहिल्यांदा डिसेंबरमध्ये नोंदवला, तर घड्याळ त्या डिसेंबरपासून चालू झालं असं धरून चला. 'वॉरंटी तीन वर्षांची आहे, मग काय घाई?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी आलं की मी आधी तारीख विचारतो, नंतर चहा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा. बुकिंगच्या परताव्यासारखी प्रकरणं तिथं मिटतातही. पण ती सोय समझोत्याची आहे. हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे, नोटीस पाठवली आहे, साहेबांनी 'वरिष्ठांशी बोलतो' म्हटलंय, यातल्या कशानंही मुदत थांबत नाही. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज कारणं आणि पुरावे देऊन मूळ तक्रारीसोबतच लावा.

विरुद्ध पक्ष कोण आणि मागणी काय

डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्ष करा. गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ ची गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला त्यातून सोडलं, कारण डीलरनं केलेला हा प्रकार कंपनीला माहीत होता याचा पुरावा नव्हता. डीलरची जबाबदारी मात्र राहिली. यातून घ्यायचं ते एवढंच, की कुणी काय केलं हे वेगवेगळं लिहा. उत्पादनातला दोष कंपनीच्या नावे, जुनी गाडी नवी म्हणून खपवणं किंवा चुकीचं बिल डीलरच्या नावे. 'दोघांनी मिळून फसवलं' एवढं एकच वाक्य टिकत नाही.

'गाडीच बदलून द्या' या एकाच मागणीवर अडून बसू नका. भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलायचा आदेश देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच म्हटलंय. मागण्या उतरत्या क्रमानं लिहा: गाडी बदलून किंवा पैसे व्याजासह परत, ते नाही तर दोषी भाग बदलून वाढीव वॉरंटी, आणि दोन्ही बाबतीत त्रासाची भरपाई व खर्च. जी मागणी लिहिली नाही, ती मिळेल अशी आशा धरू नका.

पैशांचे वाद

यातला निम्मा भाग गैरसमजाचा असतो. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं गोळा करून सरकारकडं भरायचा आयकर, घेतात, ती लूट नाही. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरलं की करातून वळती होते किंवा परत मिळते. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, हेही खरं.

पण तो विमा शोरूममधूनच घ्या, नाहीतर गाडी मिळणार नाही, ही सक्ती खोटी. कंपनी निवडायचा हक्क तुमचा. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची रक्कम लावली असेल तर ती वेगळ्या ओळीत, पावतीवर मागा. आरटीओचा आकडा शोरूमच्या कोटेशनवरून धरू नका, कर आणि फी भरल्याची सरकारी पावती मागून ताडून बघा.

रोख रकमेबद्दल मला काळजीनं सांगायचंय. एका गृहस्थांनी ॲक्सेसरीजचे म्हणून चाळीस हजार सेल्समनच्या हातात दिले, त्यानं व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला, आणि दोन महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्यातले पैसे होते ते. शोरूम म्हणतं, आमच्याकडं जमा नाहीत. पावती शोरूमच्या नावाची, पैसे शोरूमच्या खात्यात, याला पर्याय नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला तर आयकर कायद्यानंच मनाई आहे.

सवलत, एक्स्चेंज बोनस, फुकट मॅट, जे काही तोंडी कबूल केलंय ते बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या. गाडी नक्की कधी बनली हे फॉर्म २१ (डीलरचं विक्री प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ (कंपनीचं गाडी रस्त्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) वर असतं. पूर्ण रक्कम भरण्याआधी चॅसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष मागा, प्रत्यक्ष गाडीवर बघा. आणि नोंदणी झाल्याशिवाय, किमान तात्पुरती, डीलरनं गाडी ताब्यात द्यायचीच नसते. मुहूर्त गाठायचा म्हणून विना नंबरची गाडी बाहेर काढू नका.

अर्ज

आधी डीलर आणि कंपनीला पंधरा दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टानं, पोच जपून. तक्रार मराठीत चालते, वकील लावायची सक्ती नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. सोबत तारखांची यादी, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, फॉर्म २१ व २२, विमा, वॉरंटी पुस्तिका, जॉबकार्डं, नोटीस व पोच. अस्पष्ट स्कॅन हे तक्रार त्रुटीत निघण्याचं नेहमीचं कारण, तेव्हा मोबाईलवर तिरका फोटो काढून चढवू नका. व्हॉट्सॲपचे संवाद लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र जोडा. शिक्षकांच्या प्रकरणात हे राहिलं आणि एक तारीख वाया गेली.

नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढं आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, तेव्हा तो दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या तारखेला उभे राहा. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो आणि लोकांना ते आधी कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. तोवर हप्ते थांबवू नका. भांडण डीलरशी आहे, पण हप्ता चुकला तर बँक तुमच्या दारात येते. निकालावर राज्य आयोगात अपिलाची मुदत ४५ दिवस.

समझोता झाला किंवा पैसे परत द्यायचा आदेश झाला, तरी किल्ली लगेच टेबलावर ठेवू नका. आरसी अजून तुमच्या नावावर असते आणि तिच्यावर बँकेचा बोजा असतो. कर्जाचं काय करायचं, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) कोण आणणार, नाव कधी उतरणार, हे समझोत्यातच तारखांसह लिहून घ्या. गाडी देताना किलोमीटरचा आकडा आणि वेळ टाकून पोच घ्या. एका ताईंनी नुसती किल्ली दिली होती. तीन महिन्यांनी मुंबईतल्या सिग्नलचं ई-चलन त्यांच्या मोबाईलवर आलं, गाडी कोण चालवत होतं याचा पत्ता नाही. त्यासाठी पुन्हा त्यांना त्याच शोरूमच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.